अठराव्या वर्षी ७३ सामने

२८ जून २०२१. कोपनहेगनला युरो स्पर्धेच्या बाद फेरीत स्पेन आणि क्रोएशिया समोरासमोर होते. विसाव्या मिनिटाला स्पेनच्या पेद्रीने मध्यरेषेजवळून आपल्याच गोलरक्षकाकडे चेंडू मागे दिला. असा पास एका सामन्यात दहादा दिला जातो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण उनाई सिमोनचा पाय चेंडूवर नीट पडला नाही. चेंडू बुटावरून निसटला आणि टुणटुण उड्या मारत जाळ्यात शिरला. गोलफलकावर नाव लागलं ते पेद्रीचं. युरो स्पर्धेच्या इतिहासात इतक्या लांबून स्वयंगोल झाला नव्हता.

पेद्री तेव्हा अठरा वर्षांचा होता. एवढ्या वयाच्या मुलाने त्यानंतर सोपे, आडवे पास देत सामना ढकलला असता, तरी कुणी बोल लावला नसता. पेद्रीने तसं केलं नाही. तो पुन्हा पुन्हा चेंडू मागत राहिला, दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभा राहून तो घेत राहिला. सामना जादा वेळेत गेला, स्पेनने तो ५-३ असा जिंकला आणि पेद्री पूर्ण १२० मिनिटं मैदानावर होता.

त्या स्पर्धेत स्पेन सहा सामने खेळला, त्यातले तीन जादा वेळेत गेले. एकूण मिनिटं ६३०. पेद्री त्यातली ६२९ खेळला. वेम्ब्लीवरच्या उपान्त्य सामन्यात इटलीविरुद्ध ११९व्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावलं, तेवढीच काय ती विश्रांती. स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. अठरा वर्षांच्या मुलाला असं खेळताना आपण कधी पाहिलेलं नाही, स्पेन आणि बार्सिलोनाचा दिग्गज मिडफिल्डर आंद्रेस इनिएस्ता यालाही नाही, असं प्रशिक्षक लुइस एन्रिके जाहीरपणे म्हणाले.

आणि सोळाच दिवसांनी, २२ जुलैला, तो जपानमध्ये ऑलिम्पिकचा पहिला सामना खेळत होता.

पेद्रीच्या कारकिर्दीची पहिली पाच वर्षं समजून घ्यायची तर त्याच्या पासांइतकंच या सोळा दिवसांकडे पाहावं लागतं. फुटबॉलमधली सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट त्याच्या पायांत होती: थांबता येणं. पण त्याला थांबवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

पेद्रो गोन्सालेस लोपेस हे त्याचं पूर्ण नाव. जन्म २५ नोव्हेंबर २००२, गाव तेगेस्ते. कॅनरी बेटांमधल्या तेनेरिफेवर डोंगरांच्या कुशीत वसलेलं हे जेमतेम अकरा हजार वस्तीचं गाव. ही बेटं स्पेनची, पण नकाशावर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून. स्पेनची मुख्य भूमी तिथून हजार किलोमीटरच्याही पलीकडे. या बेटांनी स्पेनला किती मिडफिल्डर दिले, हे पाहण्यासारखं आहे. हुआन कार्लोस वालेरोन आणि दाविद सिल्वा हे दोघेही ग्रान कनारियावरच्या आर्गिनेगिन नावाच्या एकाच किनारी गावातले. अंगकाठी लहान, वेग बेताचा, पण चेंडू पायाशी आला की जणू घाई नावाची गोष्टच उरत नाही. पेद्री त्याच जातकुळीचा.

घरची खानावळ होती आणि घरात बार्सिलोना क्लबचं वेड होतं. आजोबांनी तेगेस्तेत बार्सिलोनाच्या चाहत्यांचं मंडळ सुरू केलेलं. घरात बार्सिलोनाकडून खेळलेल्या लाउड्रुपच्या खेळाच्या गोष्टी निघायच्या आणि पोरगा इनिएस्ताला पाहत मोठा झाला. गावच्या क्लबातून तो शेजारच्या ला लागुना शहरातल्या हुवेन्तुद लागुना क्लबात गेला. पंधरा वर्षांचा असताना रेआल माद्रिदने त्याला चाचणीसाठी बोलावलं. तेव्हा माद्रिदमध्ये बर्फ पडत होता, सरावात खंड पडला आणि शेवटी, तू आमच्या पातळीचा नाहीस, असं सांगून त्याला परत पाठवण्यात आलं. हा प्रसंग पेद्रीने स्वतःच मुलाखतींत सांगितला आहे, आणि तोही कसलाही राग न धरता.

मग २०१८मध्ये त्याला लास पाल्मास क्लबाने घेतलं. हा क्लब ग्रान कनारियाचा, म्हणजे शेजारच्या बेटाचा. तेनेरिफे आणि ग्रान कनारिया यांच्यातलं वैर जुनं आहे. राजधानीचा मान कुणाचा, यावरून ही बेटं पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली आणि फुटबॉलच्या मैदानावर ते भांडण आजही ऐकू येतं. तेनेरिफेच्या मुलाने लास पाल्मासचा पिवळा सदरा घालणं ही तिथे साधी गोष्ट नव्हे. पण क्लबातल्या लोकांनी त्याला वर्षभरच पाहिलं आणि जुलै २०१९मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याच्याशी व्यावसायिक करार केला. प्रशिक्षक पेपे मेल यांनी महिन्याभरात त्याला थेट पहिल्या संघात उतरवलं. १८ ऑगस्ट २०१९ रोजी वेस्काविरुद्ध, स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, तो व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. सप्टेंबरमध्ये स्पोर्टिंग हिहोनविरुद्ध पहिला गोल झाला आणि लास पाल्मासकडून गोल करणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला.

त्याआधीच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, बार्सिलोनाने त्याचा सौदा पक्का केला होता. सुरुवातीची रक्कम ५० लाख युरो, आपल्याकडचे तेव्हाचे सुमारे ४० कोटी रुपये, वर कामगिरीनुसार आणखी. वर्षभर लास पाल्मासमध्येच खेळायचं आणि मग बार्सिलोनाला यायचं, अशी अट होती. ज्या बाजारात तेव्हा बरे म्हणावेत असे खेळाडूही पाच-सहा कोटी युरोंना विकले जात, तिथे ही रक्कम किरकोळ होती.

असं काय दिसलं होतं त्याच्यात? मिडफिल्डरचं काम टीव्हीवर पटकन कळत नाही. गोल करणारा दिसतो, गोल अडवणारा दिसतो. मधला माणूस मात्र सामनाभर दहा-अकरा किलोमीटर धावूनही नजरेत भरत नाही. त्याच्या कामाचा मोठा भाग चेंडू पायाशी येण्यापूर्वीच उरकलेला असतो. चांगला मिडफिल्डर सतत मान वळवून खांद्यावरून मागे बघतो: कोण कुठे आहे, कोण अंगावर येतो आहे, मोकळी जागा कुठे आहे. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी या मान वळवण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा बघून घेतात, त्यांचे पास जास्त नेमके जातात, असं त्यांच्या अभ्यासात आढळलं. पेद्रीचा सामना बघताना चेंडू सोडून फक्त त्याच्या मानेकडे पाच मिनिटं पाहावं. बघणाऱ्याला तेवढ्यात खूप काही उमगतं.

दुसरी गोष्ट शरीराच्या कोनाची. चेंडू येत असताना तो त्याला पाठमोरा किंवा समोरासमोर उभा नसतो, अर्धा वळलेला असतो. त्यामुळे चेंडू पायाशी लागताच तो पुढे जायला मोकळा असतो. वळण्यात जाणारा अर्धा सेकंद वाचतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो थांबा. ३ एप्रिल २०२२चा सेविलाविरुद्धचा गोल पाहिला की हे लगेच कळतं. सामना शून्य-शून्य, वेळ ७२वं मिनिट. पेनल्टी क्षेत्राच्या कडेला सहकारी देम्बेलेकडून चेंडू आला. पेद्रीने किक मारायला पाय उचलला. सेविलाचा राकितिच अडवायला झेपावला आणि पेद्रीने किक मारलीच नाही. पुन्हा पाय उचलला. आता दिएगो कार्लोस घसरत आडवा आला, आणि तोही फसला. दोघे जमिनीवर पडल्यावर तिसऱ्यांदा त्याने चेंडू शांतपणे खालून कोपऱ्यात घातला. गर्दीने भरलेल्या त्या जागेत इतर सगळे खेळाडू घाईत होते, आणि त्यांची घाई संपेपर्यंत हा थांबला होता.

बार्सिलोनात तो आला तेव्हा मात्र कुणाला थांबायला वेळ नव्हता. १४ ऑगस्ट २०२०ला बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला ८-२ असं धुऊन काढलं. पुढच्याच आठवड्यात पेद्रीला औपचारिकपणे सादर करण्यात आलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मेस्सीने क्लब सोडायची इच्छा लेखी कळवली. क्लबावरचं कर्ज अब्जाच्या घरात होतं, करोनामुळे स्टेडियम रिकामं होतं, ऑक्टोबरात अध्यक्षांनी राजीनामा दिला. पेद्रीला एखाद्या दुसऱ्या क्लबाकडे लोनवर पाठवावं, असा आधी विचार होता. नवे प्रशिक्षक रोनाल्ड कूमान यांनी त्याला सरावात पाहिलं आणि तो बेत रद्द झाला. सप्टेंबरअखेर बदली खेळाडू म्हणून पहिला सामना, २० ऑक्टोबरला चॅम्पियन्स लीगमध्ये पहिला गोल, २४ ऑक्टोबरला सतराव्या वर्षी रेआल माद्रिदविरुद्ध सुरुवातीच्या अकरा जणांत, आणि त्यानंतर चारच दिवसांनी ट्युरिनला युव्हेंटसविरुद्ध. महिन्याभरात तो संघात असा रुळला की त्याच्याशिवाय संघ निवडणं कूमान यांना अवघड जाऊ लागलं. त्या दिवसांतली त्याची छायाचित्रं बार्सिलोनाकरांच्या अजून लक्षात आहेत: सामना संपवून हातात साधी पिशवी घेऊन टॅक्सीने घरी निघालेला मुलगा. गाडी चालवायचा परवाना त्याच्याकडे नव्हता. मोठा भाऊ बेटावरून सोबत राहायला आला होता, घरात स्वयंपाकही तोच करायचा.

त्या मोसमात पेद्री बार्सिलोनाकडून ५२ सामने खेळला. एप्रिलमध्ये संघाने कोपा देल रे हा चषक जिंकला, तेव्हाही तो मैदानावर होता. मार्चमध्ये ग्रीसविरुद्ध स्पेनकडून पदार्पण झालं. मग युरो, मग ऑलिम्पिक. सगळे धरून वर्षभरातले सामने भरले ७३.

हे असं कसं घडलं, याचं उत्तर एका माणसाच्या हट्टात सापडत नाही. करोनामुळे आधीचा मोसम ऑगस्ट २०२०पर्यंत लांबला, पुढचा उशिरा सुरू झाला आणि मग कमी आठवड्यांत तेवढेच सामने दाटीवाटीने बसवले गेले. २०२०ची युरो २०२१वर गेली, २०२०चं ऑलिम्पिकही २०२१वर गेलं, आणि दोन्ही एकाच उन्हाळ्यात येऊन पडली. या स्पर्धा ठरल्या वर्षी झाल्या असत्या, तर दुसऱ्या श्रेणीत खेळणारा सतरा वर्षांचा पेद्री बहुधा दोन्हींत नसता. त्यात ऑलिम्पिकच्या पुरुष फुटबॉलसाठी खेळाडू सोडायला फिफा क्लबांना बांधून घालत नाही, पण स्पेनचा क्रीडा कायदा मात्र राष्ट्रीय संघाच्या बोलावण्याला हजर राहणं खेळाडूवर बंधनकारक करतो. बार्सिलोना कुरकुरलं, कूमान यांनी उघड नाराजी दाखवली, तरी पेद्री गेला. आणि स्वतः पेद्रीने नाही म्हणावं, अशी अपेक्षा तरी कशी करायची? अठराव्या वर्षी देशाचं बोलावणं नाकारणारा मुलगा शोधून सापडणार नाही.

ऑलिम्पिकचा अंतिम सामना ७ ऑगस्टला योकोहामात झाला. ब्राझीलने तो जादा वेळेत २-१ असा जिंकला, स्पेनला रौप्यपदक मिळालं. १५ ऑगस्टला, म्हणजे आठव्या दिवशी, ला लीगाच्या नव्या मोसमातला बार्सिलोनाचा पहिला सामना होता. त्यातही पेद्री सुरुवातीपासून खेळला. आता मात्र राष्ट्रीय संघाकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. ऑलिम्पिकवरून कुरकुरणाऱ्या क्लबाला स्वतःच्या सामन्यासाठी तोच थकलेला मुलगा हवा होता. रजा मिळाली ती आणखी एक सामना झाल्यावर, आणि तीही जेमतेम दोन आठवड्यांची.

सप्टेंबरमध्ये बायर्नविरुद्ध मांडीचा पुढचा स्नायू दुखावला. दोन आठवड्यांत तो बेन्फिकाविरुद्ध परतला आणि तोच स्नायू पुन्हा गेला. या वेळी तो जानेवारीपर्यंत बाहेर राहिला. गंमत अशी की सगळे मानसन्मान याच काळात पदरात पडले: युरोपातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा गोल्डन बॉय पुरस्कार, तरुण खेळाडूंसाठीचाच कोपा करंडक, आणि ज्यात क्लब सोडायची किंमत एक अब्ज युरो लिहिलेली होती असा नवा करार. पुरस्कार घ्यायला तो मंचावर चढत होता तेव्हा मैदानावर उतरायची त्याला परवानगी नव्हती. एप्रिल २०२२मध्ये, सेविलाविरुद्धच्या त्या गोलनंतर अकराच दिवसांनी, फ्रँकफर्टविरुद्ध मांडीचा मागचा स्नायू गेला आणि मोसम तिथेच संपला. आदल्या वर्षी क्लबाकडून ५२ सामने, या वर्षी २२.

मांडीच्या स्नायूंचं काय होतं, तेही थोडक्यात सांगायला हवं. पुढचा लांब स्नायू कमरेच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत जातो. किक मारताना आणि वेगाने धावताना त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो. मागचे स्नायू धावताना पायाला लगाम घालतात. सामना खेळल्यावर या स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात आणि ते भरून यायला काही दिवस लागतात. तीन-चार दिवसांनी पुन्हा सामना असेल तर हे भरून येणं अर्धवट राहतं. एकदा फाटलेल्या जागी तयार होणारा व्रण मूळ स्नायूइतका लवचीक नसतो, म्हणून घाईने परतलेल्या खेळाडूला तीच दुखापत पुन्हा होण्याचा धोका असतो. आपल्याकडे तरुण वेगवान गोलंदाजाला किती षटकं टाकू द्यायची याची जी चर्चा चालते, तीच ही चर्चा आहे. फरक एवढाच की फुटबॉलपटूची षटकं मोजणारा एक कुणी नसतो. क्लब आपले सामने मोजतो, देश आपले. अर्थात पेद्रीची प्रत्येक दुखापत त्या ७३ सामन्यांमुळेच झाली, असं छातीठोक सांगता येणार नाही. शरीराची घडण, मैदान, नशीब यांचाही वाटा असतो. पण इतका ताण पडल्यावर पुढे अडीच वर्षं तेच स्नायू पुन्हा पुन्हा जावेत, याला निव्वळ योगायोग म्हणणं पटत नाही.

पुढची दोन वर्षं चढउतारांची गेली. प्रशिक्षक चावी यांच्या हाताखाली बार्सिलोनाने २०२२-२३ची ला लीगा जिंकली, पेद्रीला इनिएस्ताचा आठ क्रमांक मिळाला. पण फेब्रुवारी २०२३मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध उजवी मांडी गेली, ऑगस्टमध्ये पुन्हा तीच. मार्च २०२४मध्ये बिल्बाओला तो मैदानातून बाहेर आला तो रडतच. एकविशीतला मुलगा तोंड झाकून रडतो आहे आणि पुढे काय होणार ते त्याला अनुभवाने ठाऊक आहे: तपासणी, आठवड्यांचा हिशेब, एकट्याने सराव. त्या दृश्याने अनेकांना चटका लावला. त्याच्याच संघातल्या आन्सू फातीचं उदाहरण समोर होतं. पेद्रीपेक्षा महिन्याभराने मोठा, सोळाव्या वर्षी पदार्पण, नोव्हेंबर २०२०मध्ये गुडघ्याला इजा, एकामागून एक शस्त्रक्रिया. मेस्सीचा दहा क्रमांक अंगावर चढला, पण पहिला वेग परत आला नाही. गावी या दुसऱ्या सहकाऱ्याचा गुडघा एकोणिसाव्या वर्षी गेला, स्पेनकडून खेळताना. एका क्लबातल्या एकाच पिढीतले हे तिघे.

त्या उन्हाळ्यात युरोच्या उपान्त्यपूर्व सामन्यात जर्मनीच्या टोनी क्रूसच्या धडकेने पेद्रीचा गुडघा मुरगळला आणि आठव्या मिनिटाला त्याला बाहेर जावं लागलं. ही दुखापत मात्र सरळ धडकेची होती. स्पेनने युरो जिंकली ती त्याच्याविना.

बदल झाला तो त्यानंतर. हान्सी फ्लिक प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांच्यासोबत शारीरिक तयारीची जबाबदारी हुलिओ तोउस यांच्याकडे आली. प्रशिक्षक अँटोनियो कॉन्टे यांच्या संघांसोबत काम केलेला हा माणूस. सरावात ताकदीच्या व्यायामावर जोर वाढला, आणि प्रत्येक खेळाडूच्या शरीराप्रमाणे त्याचं काम वेगळं ठरू लागलं. पेद्रीनेही झोप आणि जेवणापासून सगळं नव्याने लावून घेतलं. २०२४-२५च्या मोसमात लीगच्या ३८ पैकी ३७ सामन्यांत तो खेळला. बार्सिलोनाने लीग, कोपा देल रे आणि सुपर कप असे देशातले तिन्ही किताब जिंकले. त्या वर्षीचा पेद्री पहिल्या पेद्रीपेक्षा वेगळा दिसत होता. छाती-खांदे भरलेले, चेंडू हिसकावून घेण्यात पुढे, खोलवर उतरून संघाचा वेग ठरवणारा. मान तेवढी तशीच वळत होती. ऑक्टोबर २०२५मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूने पुन्हा त्रास दिला आणि काही आठवडे तो बाहेर बसला, पण त्यावरून पूर्वीसारखी घबराट उडाली नाही.

आता बार्सिलोनात दुसरं एक पोर आहे. लामिन यमालने अठरा वर्षं पूर्ण होण्यापूर्वीच क्लबाकडून शंभरावर सामने खेळून टाकले. सप्टेंबर २०२५मध्ये तो स्पेनकडून खेळून आला तेव्हा जांघेच्या दुखण्याने बेजार होता. वेदनाशामक औषधं देऊन त्याला खेळवलं, खेळाडूची ही काळजी म्हणायची का, असं फ्लिक पत्रकारांसमोर म्हणाले. स्पेनचे प्रशिक्षक लुइस दे ला फुएन्ते यांना ते रुचलं नाही. २०२१च्या उन्हाळ्यात टोकियोला ऑलिम्पिक संघ घेऊन गेलेले प्रशिक्षक हेच.